ट्रेनिंग झालं, पण मशीनवर काहीच बदललं नाही: खान्देशातल्या कारखानदारांचे नेहमीचे प्रश्न

जळगाव-धुळ्याच्या एमआयडीसीतले पाइप आणि चटईचे कारखाने, डाळ मिल, जामनेर-बोदवड-धरणगावकडची जिनिंग (कापसातून सरकी वेगळी करणारे कारखाने), रावेर-सावद्याकडची केळीची पॅकहाऊस. अशा ठिकाणी ट्रेनिंगच्या निमित्ताने गेलं की मालक, एचआरची मंडळी आणि सुपरवायझर फिरून फिरून हेच प्रश्न विचारतात. म्हणून उत्तरं एकत्र लिहून ठेवतो आहे. माझं सगळं सांगणं एका गोष्टीपाशी येतं: माणूस ट्रेनिंगहून कामावर परतला की पहिल्या आठवड्यात त्याचा सुपरवायझर काय विचारतो, यावर बाकीचं ठरतं.

ट्रेनिंगमध्ये सगळे माना डोलावत होते, फॉर्मवर ‘उत्तम’ लिहिलं. मग आठवड्याभरात जुनंच का सुरू होतं?

फॉर्मवरचं ‘उत्तम’ म्हणजे कार्यक्रम आवडला, एवढंच. डोनाल्ड कर्कपॅट्रिक या अमेरिकन अभ्यासकाने १९५९ साली ट्रेनिंग तपासायच्या चार पायऱ्या मांडल्या: लोकांना आवडलं का, ते शिकले का, कामावर त्यांचं वागणं बदललं का आणि त्यातून संस्थेला काही मिळालं का. आपल्याकडे बहुतेकांची तपासणी पहिल्या पायरीवरच थांबते. तिसरीवर काय झालं, ते कोणी बघायलाच जात नाही.

विसरणं हे एक कारण आहेच. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस याने १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं, की पाठ केलेल्या निरर्थक अक्षरांचा मोठा भाग उजळणी नसेल तर पहिल्या दिवसभरातच निसटतो. कामाची माहिती निरर्थक नसते, त्यामुळे ती थोडी जास्त टिकते, पण उजळणीवाचून तीही झिजते.

तरी कारखान्यात मला दुसरंच कारण जास्त दिसतं. एखाद्या डाळ मिलमध्ये धान्य वर नेणारा एलिव्हेटर चोक होतो. आधी मेन स्विच बंद, त्याला कुलूप, वर टॅग, मगच आत हात, असं शिकवलेलं असतं. पण पॅनल दुसऱ्या टोकाला असतं. कुलपाची किल्ली ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये असते. लाइन थांबली की मागे मालाचा ढीग लागतो आणि बाहेर ट्रक उभा असतो. ऑपरेटर पट्टा चालू असतानाच हात घालतो. त्याला नियम विचारा, तो अक्षर न चुकता सांगेल. तो विसरलेला नाही. तिथल्या परिस्थितीने त्याला दुसरा धडा दिला आहे आणि तो धडा रोजचा आहे.

म्हणजे चूक कोणाची? कामगाराची, ट्रेनरची की आमची?

टिमोथी बाल्डविन आणि जे. केव्हिन फोर्ड यांनी १९८८ साली या विषयावर केलेली मांडणी आजही उपयोगी पडते. शिकलेलं कामात उतरतं की नाही, हे त्यांच्या मते तीन बाजूंवर अवलंबून असतं: शिकणारा माणूस, ट्रेनिंगची रचना आणि तो परततो ती जागा. पैसे खर्च होतात दुसऱ्या बाजूवर, ओरडा पडतो पहिल्या बाजूवर आणि तिसरीकडे कोणाचं लक्षच जात नाही.

ट्रेनरला बोलावण्याआधी एक साधी कसोटी लावा. रॉबर्ट मेगर आणि पीटर पाइप यांनी ती सुचवली होती: जिवावरच बेतलं, तर या माणसाला हे काम बरोबर करता येईल का? येत असेल तर त्याला ज्ञानाची कमतरता नाही आणि ट्रेनिंगने काही सुटणार नाही. मग बघायचं, की बरोबर वागायला त्याच्याकडे साधनं आहेत का, वेळ आहे का आणि बरोबर वागल्याने त्याचं नुकसान तर होत नाही ना. पॅकहाऊसमध्ये हात धुण्याचं ट्रेनिंग झालं, पण नळ आवाराच्या पलीकडे आणि पाणी दिवसाआड. तिथे दुसरं ट्रेनिंग घेण्यापेक्षा एक टाकी बसवलेली परवडते. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीकडे गेलेला असताना पत्र्याच्या शेडखाली जाड मास्क लावून आठ तास उभं राहा, असं सांगणंही तसंच. आधी हवा खेळती करा, हलका मास्क शोधा, पाणी प्यायला सुट्टी द्या. मग नियमाचं बोला.

ट्रेनिंग ठरवताना आधी काय लिहून काढावं?

वागणूक लिहा, डोळ्यांना दिसेल अशी. ‘सुरक्षिततेबाबत जागरूकता वाढवणे’ हे वाक्य मला दर दुसऱ्या पत्रात दिसतं. त्यावर काम करता येत नाही, कारण जागरूकता कोणाला दिसत नाही. एखादा अनोळखी माणूस दहा मिनिटं उभा राहिला, तर त्याला ‘होतंय’ किंवा ‘होत नाही’ असं सांगता आलं पाहिजे, इतकं ते स्पष्ट हवं.

जिनिंगमध्ये: ‘ढिगातून कापूस उचलताना दिसलेली प्लॅस्टिकची दोरी आणि पुड्या तिथल्या तिथे वेगळ्या डब्यात टाकतात.’ रोलरजवळ: ‘गळ्यातला रुमाल आणि मोकळा पदर आत खोवूनच मशीनपाशी जातात.’ पाइप कारखान्यात: ‘शिफ्ट बदलताना जाणारा ऑपरेटर येणाऱ्याला मशीनपाशी उभं राहून चालू अडचण सांगतो, नुसतं रजिस्टर सरकवत नाही.’

एका वेळी एक किंवा दोनच घ्या. दहा मुद्द्यांच्या ट्रेनिंगमधून शून्य मुद्दे कामावर पोहोचतात, हे मी ठामपणे सांगेन.

सुपरवायझरला कशाला बसवायचं? त्याला तर सगळं येतं.

माझ्या मते हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

हेल्परचा खरा साहेब मालक नसतो, एचआरही नसतं. सकाळी त्याला कुठल्या मशीनवर उभं करायचं, त्याची रजा मंजूर करायची की नाही, ओव्हरटाइम कोणाला द्यायचा, हे सुपरवायझर किंवा मुकादम ठरवतो. हेल्परची नजर त्याच्यावर असते. ट्रेनरने दिवसभर ‘मशीन बंद करून साफ करा’ सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी सुपरवायझर म्हणाला, ‘भाऊ, ते राहू दे, आधी माल काढ,’ तर दिवसभराचं ट्रेनिंग त्या एका वाक्यात संपतं. त्याने तोंडाने काही म्हणायचीही गरज नसते. मशीन बंद दिसल्यावर त्याचा चेहरा पडला, तरी पुरे.

म्हणून सुपरवायझरचं काम ट्रेनिंगच्या आधी सुरू होतं. माणूस पाठवण्यापूर्वी त्याने दोन मिनिटं त्याच्याशी बोलावं: ‘नाना, उद्या तुम्हाला पाठवतोय. आपल्या दोन नंबरच्या मशीनवर चोक फार होतो, त्याचं काय सांगतात ते नीट ऐका. आल्यावर मला दाखवा.’ एवढ्याने माणूस काम म्हणून जातो, सुट्टी म्हणून जात नाही.

परतल्यावर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी: ‘काय नवीन करायचं ठरलं? करून दाखवा. त्यासाठी काय लागेल?’ या तिसऱ्या प्रश्नातून किल्लीची, नळाची, डब्याची अडचण बाहेर येते. ती सुपरवायझरने चार दिवसांत सोडवली, तर कामगारांना कळतं की इथे खरंच काही बदलायचं ठरलंय.

आठवड्याने, मशीनपाशी उभं राहून: करताना दिसलं तर तिथेच सांगायचं, ‘बरोबर केलं.’ आणि केल्यामुळे माल कमी निघाला असेल तर त्याची जबाबदारी सुपरवायझरने स्वतःवर घ्यायची. हे शेवटचं अवघड आहे. कारण सुपरवायझरच्याही डोक्यावर टार्गेट असतं आणि ते टार्गेट मालकाने दिलेलं असतं. तुम्ही मालक असाल, तर सुपरवायझरला आधीच आणि स्पष्ट शब्दांत सांगा, की या कारणासाठी मशीन थांबलं तर तुम्ही त्याला जाब विचारणार नाही. आणि मग खरंच विचारू नका. पहिल्यांदा मशीन थांबेल तेव्हा सगळा कारखाना तुमच्याकडेच बघत असेल.

एवढं सगळं त्याने करायचं, तर त्याला आधी बसवायला नको का? हेल्परच्या ट्रेनिंगआधी सुपरवायझरांचं वेगळं, छोटं ट्रेनिंग ठेवा. बजेट एकाच्याच ट्रेनिंगचं असेल, तर सुपरवायझरांचं करा.

एकाच दिवसात सगळं उरकता येत नाही का? माणसं पुन्हा पुन्हा मोकळी करणं परवडत नाही.

मोकळी करूच नका. दिवसभराच्या कार्यक्रमाऐवजी शिफ्ट सुरू होताना वीस मिनिटं, आठवड्यातून दोनदा, मशीनपाशीच. अंतर ठेवून पुन्हा पुन्हा शिकलेलं एका बैठकीत कोंबलेल्यापेक्षा जास्त टिकतं, हे मानसशास्त्रातलं चांगलं पारखलेलं तथ्य आहे. दुसरंही एक आहे: नुसतं पुन्हा वाचण्या-ऐकण्यापेक्षा आठवून सांगायला लावलं, तर ते जास्त दिवस लक्षात राहतं. रोएडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर हे दाखवलं. म्हणून दुसऱ्या वेळी तुम्ही बोलू नका. विचारा: ‘मंगळवारी काय ठरलं होतं? कोण सांगतं?’

शिकवण्याची पद्धत नव्याने शोधायची गरज नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत कारखान्यांत एकदम नवखी माणसं आली, तेव्हा ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ या सरकारी कार्यक्रमाने मुकादमांना चार पायऱ्या शिकवल्या: माणसाची तयारी करून घ्या, काम दाखवा आणि समजावा, त्याच्याकडून करून घ्या, नंतर जाऊन बघत राहा. त्यांचं एक वाक्य होतं: कामगार शिकला नसेल, तर शिकवणाऱ्याने शिकवलेलं नाही. तिसऱ्या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या. आपल्याकडे तो दुसरीतच संपतो, कारण बोलणाऱ्याला बोलायला आवडतं.

ट्रेनिंग कोणत्या भाषेत घ्यावं?

ज्या भाषेत ती माणसं मशीनपाशी एकमेकांशी बोलतात, त्या भाषेत. आपल्या भागात याचं उत्तर तालुक्यागणिक बदलतं. अमळनेर, धुळे, साक्रीकडे अहिराणी, रावेर-यावल-भुसावळ पट्ट्यात लेवा बोली, सातपुड्याच्या बाजूने आलेल्या माणसांमध्ये पावरी आणि भिलोरी, शिवाय उत्तरेकडून आलेले हिंदी बोलणारे. प्रमाण मराठीतली स्लाइड त्यांतल्या अनेकांना कळते, पण उलट प्रश्न विचारायची हिंमत त्या भाषेत होत नाही. आणि प्रश्न आला नाही, की गैरसमज आतच राहतो.

ट्रेनरला बोली येत नसेल तर त्याच गटातला एक जाणता कामगार हाताशी घ्या. त्याला आदल्या दिवशी शिकवा आणि दुसऱ्या दिवशी त्यालाच दाखवू द्या. त्याने अहिराणीत ‘करी दखाड’ (करून दाखव) म्हटलं, की समोरचा न बिचकता करून दाखवतो. त्याला या कामाचे वेगळे पैसे द्या.

आमच्याकडे हंगामी माणसं, तीही ठेकेदाराची. दर वर्षी नवी. त्यांच्यावर खर्च का करायचा?

कारण तीच तुमच्या रोलरपाशी उभी असतात. नवखा माणूस पहिल्या दिवसांत जास्त धोक्यात असतो, ही साधी गोष्ट आहे.

जिनिंगचंच बघा. २००० साली सुरू झालेल्या कापूस तंत्रज्ञान अभियानात जिनिंग-प्रेसिंगच्या आधुनिकीकरणाला मदत मिळाली, त्यातून अनेक ठिकाणी यंत्रं आणि आवारं सुधारली. पण दोरी, केस, गुटख्याची पुडी कापसातून अजूनही माणसाच्या हातानेच निघते. तो हात दर हंगामात बदलतो. म्हणून इथे हंगाम सुरू होतानाच्या पहिल्या तासाला महत्त्व आहे. चार वाक्यं, एक डबा, एक करून दाखवणं. आणि टोळीचा मुकादम तोच परत येत असेल, तर खरी गुंतवणूक त्याच्यावर करा. ठेकेदाराशी करार करतानाच हे लिहून घ्या, की मुकादम एक दिवस आधी येईल आणि त्याची त्या दिवसाची मजुरी तुम्ही द्याल.

केळीच्या घडांची आदळआपट थांबत नाही. कितीदा सांगितलं.

इथे वेगळीच गंमत आहे, आणि ती कळली की उपायही सापडतो. घड आपटला त्या क्षणी काही दिसत नाही. हिरवं केळ हिरवंच राहतं. डाग पडतो पिकल्यावर, तो दिसतो दूरच्या बाजारात, आणि तोवर बागेतला माणूस दुसऱ्याच शिवारात कापणी करत असतो. आपल्या हातून काय झालं, हे त्याला कधी दिसलेलंच नाही. तुमचं सांगणं त्याच्यासाठी ऐकीव आहे.

त्याला दाखवा. एकाच घडाच्या दोन फण्या घ्या, एक हळुवार ठेवा, दुसरी कमरेच्या उंचीवरून टाका, दोन्हींवर खूण करून पिकू द्या. पिकल्यावर त्याच्याच हाताने सोलायला लावा. बाजारातून डागी मालाचे फोटो येत असतील तर ते ऑफिसात न ठेवता टोळीच्या मोबाईलवर पाठवा, कुठल्या दिवसाच्या कापणीचे ते लिहून. आणि मग मजुरीचा हिशोब बघा: टोळीला नगावर किंवा वजनावर पैसे मिळत असतील, तर घाई करण्याचा मोबदला तुम्हीच देत आहात. खाली अंथरायला फोम आणि वाहायला एक माणूस जास्त दिला, तर घाई कमी होते. २०१६ साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं. ते नाव बाजारात टिकायचं, तर हा फोम लागतो.

‘२१ दिवस केलं की सवय लागते’, ‘ऐकलेलं २० टक्केच राहतं’ हे ट्रेनर सांगतात ते खरं का?

२१ दिवसांना आधार नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात नवी कृती सहज व्हायला सरासरी ६६ दिवस लागले, आणि माणसागणिक हा आकडा १८ पासून २५४ पर्यंत पसरलेला होता. त्यातली एक गोष्ट दिलासा देणारी आहे: मध्ये एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडत नव्हतं.

वाचलेलं १० टक्के, ऐकलेलं २० टक्के, अशी जी शिडी दाखवतात ती एडगर डेल यांच्या नावावर खपते. डेल यांनी १९४६ साली शिकण्याच्या अनुभवांचा एक शंकू मांडला होता, त्या मूळ शंकूत टक्केवारी नव्हतीच. कोणी बघून शिकतो, कोणी ऐकून, म्हणून प्रत्येकाला त्याच्या शैलीत शिकवा, या कल्पनेलाही पुरेसा पुरावा नाही, असं २००८ साली पॅशलर आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधन तपासून सांगितलं. तुम्ही पैसे देऊन ट्रेनर आणता. त्याच्या स्लाइडवर हे आकडे दिसले तर कुठून घेतले, असं जरूर विचारा.

दंड लावला तर?

लावू नका. दंडाने वागणं थोडे दिवस बदलतं, तेही साहेब समोर असेपर्यंत. मोठं नुकसान पुढे होतं: बोट अडकता अडकता वाचलं, पट्टा निसटला, अशा थोडक्यात टळलेल्या गोष्टी माणसं लपवायला लागतात आणि तुम्हाला इशारा मिळणंच बंद होतं. शिवाय पगारातून दंड कापण्यावर १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यापासून कडक मर्यादा आहेत. मनाला येईल तसा तो कापता येत नाही.

जो जाणूनबुजून, सगळं हाताशी असताना, पुन्हा पुन्हा दुसऱ्याला धोक्यात घालतो, त्याची गोष्ट वेगळी. तिथे रीतसर कारवाई करा.

बक्षीस?

चालेल, पण ‘महिन्यात एकही अपघात नाही’ यावर देऊ नका. त्यानेही माणसं जखम लपवतात. टळलेला धोका येऊन सांगितला, यावर द्या.

आमचं ऑफिस आहे, मशीन नाहीत. नवं सॉफ्टवेअर शिकवलं, पण सगळे अजून वहीतच लिहितात.

शेठ स्वतः काय मागतात, ते बघा. सकाळी आल्यावर त्यांनी ‘वही आण’ म्हटलं, की अकाउंटंट आधी वही भरणार आणि वेळ उरला तर कॉम्प्युटर. पतसंस्थेत, आडतीच्या पेढीवर, सोन्याच्या दुकानात, सगळीकडे हेच. दोन्हीकडे लिहायला लावणं म्हणजे काम दुप्पट करणं आहे आणि त्यात नवी पद्धत हरते. थोडे दिवस दोन्ही ठेवून आकडे जुळतात याची खात्री करा. मग एक तारीख जाहीर करा आणि त्या तारखेपासून शेठनी फक्त स्क्रीनवरचा आकडा विचारावा. शेठना स्क्रीन वाचता येत नसेल, तर पहिलं ट्रेनिंग त्यांचं, एकांतात आणि सन्मानाने.

बदल झाला हे मोजायचं कसं?

आधी मोजा, म्हणजे ट्रेनिंगपूर्वी. ठरवलेली वागणूक एका कागदावर लिहा, दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी फेरी मारा आणि हो-नाहीच्या रेघा ओढा. ट्रेनिंगनंतर दुसऱ्या आठवड्यात, दुसऱ्या महिन्यात, सहाव्या महिन्यात तेच करा. रात्रपाळी सोडू नका. कागदावर कामगारांची नावं लिहू नका, नाहीतर ती पकडापकडी होईल.

लहान कारखान्यात अपघातांच्या संख्येवर निष्कर्ष काढू नका. मुळात त्या घटना थोड्या, त्यात एक कमी-जास्त झाली तर ती नशिबानेही होते.

आकड्यांबरोबर माणसांशीही बोला. रॉबर्ट ब्रिंकरहॉफ यांची पद्धत छोट्या जागी छान चालते: ज्यांनी शिकलेलं खरंच वापरलं असे थोडे आणि ज्यांनी अजिबात वापरलं नाही असे थोडे निवडायचे, आणि दोघांनाही कारण विचारायचं. ‘मला जमलं, कारण आमच्या साहेबांनी किल्ली मशीनलाच टांगली’ आणि ‘मला नाही जमलं, आमच्या पाळीला किल्लीच मिळत नाही’, ही दोन वाक्यं हाती आली, की पुढचं काम समोर दिसतं.

मोबाईलवर व्हिडिओ पाठवला तर पुरत नाही का?

आठवण करून द्यायला उत्तम. तुमच्याच कारखान्यात, तुमच्याच माणसाचा, एक-दीड मिनिटाचा असावा. हाताने करायचं काम मात्र हाताने करूनच येतं.

ट्रेनिंग कधी ठेवू नये?

एप्रिल-मेमध्ये दुपारी पत्र्याखाली, आखाजी (अक्षय्य तृतीया) आणि कानबाईच्या सणांच्या आसपास, पगाराच्या दिवशी, रात्रपाळी संपल्यावर. जे शिकवाल ते दोन-तीन दिवसांत वापरायला मिळेल, अशी वेळ धरा. जिनिंगचं ट्रेनिंग जूनमध्ये घेऊन उपयोग नाही.

पण ऑडिटला हजेरीपत्रक तर लागतंच ना?

लागतं, नीट ठेवा. १९४८ च्या कारखाने कायद्यात १९८७ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ७अ ने माहिती, सूचना, प्रशिक्षण आणि देखरेख ही मालकाची जबाबदारी म्हणून लिहिली. त्यात देखरेखही आहे, हे वाचताना सुटतं. हजेरीपत्रकाने माणूस खोलीत बसला होता एवढं सिद्ध होतं. त्यामागे फेऱ्यांचा रेघांचा कागद जोडून ठेवा. देखरेख होते आहे, हे त्यावरून ऑडिटरला दिसेल.

सहा महिन्यांनी पुन्हा जुनंच सुरू झालं तर?

लगेच तेच ट्रेनिंग पुन्हा लावू नका. मधल्या काळात काय बदललं, ते शोधा. बहुतेक वेळा तीनपैकी एक निघतं: सुपरवायझर बदलला, टार्गेट वाढलं किंवा साधन तुटलं आणि बदलून आलं नाही. साधन त्याच आठवड्यात आणा. टार्गेट वाढवलं असेल, तर थांबायला लागणारा वेळ त्यात धरलाय का, हे उत्पादन बघणाऱ्यासोबत बसून तपासा. आणि सुपरवायझर बदलणार असेल तर चार्जच्या कागदावर ही वागणूक लिहून द्या, जुन्या सुपरवायझरबरोबर नव्याला दोन फेऱ्या मारायला लावा आणि रेघांचा कागद त्याच्या हातात द्या.